रोटरी की डीए? मराठवाड्यातल्या गाडीसाठी पॉलिशचं मशीन निवडताना

येळवसेच्या (वेळ अमावस्येच्या) दुसऱ्या दिवशी लातुरातल्या कुठल्याही गल्लीत गाड्या बघा. आदल्या दिवशी सगळं घर शेतात जाऊन आलेलं असतं. वाटेवरच्या तुरीच्या फांद्या दारांना घासलेल्या असतात, काळ्या मातीची धूळ बॉनेटवर बसलेली असते आणि सकाळी कुणीतरी कोरडं फडकं घेऊन ती पुसत असतं. फडक्यात अडकलेला मातीचा कण रंगावर पॉलिश पेपरसारखा चालतो. असं दोन वर्षं चाललं की उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा चमकायला लागतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेल्या पाण्यावर ज्या शहरानं दिवस काढले, तिथं गाडीवर पाइप सोडून बसायला मन धजत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे ही जाळी आपल्याकडे एकदा काढली तरी परत येणार.

मशीन निवडताना मी हीच गोष्ट सगळ्यात आधी धरतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण तेवढीच असते. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, बहुतेक गाड्यांवर ३५ ते ५० मायक्रॉन असतो. पॉलिश करणं म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत हा थर खाली आणणं. तो परत भरत नाही. दर दोन-तीन वर्षांनी पॉलिश लागणार असेल, तर एका फेरीत कमीत कमी थर खाणारं मशीन हवं.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. रोटरी, म्हणजे गॅरेजमध्ये दिसतं ते बफिंग मशीन. त्याचा पॅड, म्हणजे पॉलिश घासणारी मऊ चकती, एकाच मध्याभोवती, एकाच दिशेनं फिरतो. दुसरं डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन. याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी मध्यापासून थोडा सरकून छोटी वर्तुळंही काढतो. मशीनवर ८, १५ किंवा २१ मिलिमीटर लिहिलेलं असतं, ते याच वर्तुळाचं माप.

रोटरीचा जोर समजायला एक हिशोब करून बघा. १८० मिलिमीटरचा पॅड मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कड सेकंदाला १४ मीटर धावते, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. शिवाय दिशा एकच. त्यामुळे खोल ओरखडे लवकर निघतात, पण उष्णता एका जागी साठते. हात जरा जास्त वेळ थांबला की रंग जळतो. रोटरीची दुसरी खूण म्हणजे होलोग्राम. सावलीत गाडी आरशासारखी दिसते आणि उन्हात काढली की गडद रंगावर धनुष्यासारखे पट्टे हलताना दिसतात. बफिंग करून घेतलेल्या काळ्या गाडीवर तुम्ही ते पाहिलेच असतील. मुरलेला कारागीर शेवटचा हात मऊ फोमनं, कमी वेगावर, नुसत्या मशीनच्या वजनानं मारतो आणि ते पट्टे घालवतो. ते कसब मात्र एका सुट्टीत येत नाही.

मी शिकायला सुरुवात रोटरीवरच केली. जुन्या गाडीच्या डाव्या मडगार्डच्या कडेवर दोन सेकंद जास्त थांबलो आणि खालचा रंग उघडा पडला. तेवढा भाग परत रंगवून घ्यावा लागला. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. प्लास्टिकच्या बंपरवर तर आणखी जपावं लागतं. पत्र्यात उष्णता पसरून जाते, प्लास्टिक ती धरून ठेवतं.

डीएमध्ये हा धोका बराच कमी आहे आणि त्याचं कारण त्याच्या रचनेतच आहे. साध्या डीएमध्ये पॅडचं स्वतःभोवती फिरणं मोकळं असतं, गिअरनं बांधलेलं नसतं. तुम्ही जास्त दाबलं किंवा मशीन तिरपं धरलं की पॅड फिरायचा थांबतो आणि नुसता थरथरतो. त्यामुळे चूक झाली तरी बहुतेक वेळा काम होत नाही एवढंच, रंग जात नाही. नवशिक्याला हे फार मोलाचं आहे. होलोग्रामही सहसा येत नाहीत. उणी बाजू म्हणजे वेळ. जिथं रोटरी दोन हातांत भागवते तिथं डीएला चार-पाच लागतात, आणि वळणदार पत्र्यावर पॅड सारखा अडखळतो.

त्या अडखळण्यावर उपाय म्हणून तिसरी जात आहे, गिअरवर चालणारं डीए. त्याचा पॅड दाबला तरी थांबत नाही. काम जोरात होतं, पण मशीन हातातून सरकू बघतं आणि मनगट दुखतं. घरगुती वापराला मी हे सुचवणार नाही. मकिताच्या पीओ ५००० सी या मशीनमध्ये मोकळी आणि गिअरवरची अशा दोन्ही चाली एकाच ठिकाणी मिळतात. रोज दोन-तीन गाड्या करणाऱ्यानं त्याचा विचार जरूर करावा.

घरातल्या ग्राइंडरला पॅड लावून काम भागेल का, असं बरेच जण विचारतात. नाही भागणार. चार इंची साधा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेऱ्या मारतो आणि त्याचा वेग कमी करता येत नाही. त्याची कड ताशी २०० किलोमीटरनं रंगाला घासेल.

डीए घ्यायचं ठरलं की प्रश्न उरतो ८, १५ की २१. हॅचबॅक आणि सेडानला माझ्या मते ८ किंवा १५ पुरे. ८ चं मशीन वळणावर आणि दाराच्या हँडलजवळ बरं पडतं, १५ चं बॉनेट आणि छतावर भराभर पुढं जातं. २१ मोठ्या सपाट पत्र्यासाठी छान, पण मोठा पॅड खांबांवर आणि बंपरच्या खाचांत शिरत नाही. इटलीच्या रुपेसनं मोठ्या वर्तुळाची ही मशीनं नावारूपाला आणली. त्यांचं काम फार गुळगुळीत आहे, पण साध्या डीएच्या कितीतरी पट पैसे पडतात. घरच्या एक-दोन गाड्यांसाठी तेवढे घालू नका. वाचलेल्या पैशांत चांगले पॅड जास्त घ्या.

रोटरीच घ्यायची असेल, म्हणजे डेंटिंग-पेंटिंगचं दुकान असेल किंवा नव्या रंगावर पेपर मारल्यानंतरच्या खुणा काढायच्या असतील, तर सुरुवात ६००-७५० फेऱ्यांपासून होणारी आणि वेग टिकवणारी घ्या. बॉशच्या जीपीओ १२ सीई या नावातला सी म्हणजे भार पडला तरी वेग कायम ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स, आणि ई म्हणजे वेग आधी ठरवता येणं. आपल्याकडे याला महत्त्व आहे. शेतीपंप चालू झाले की खेड्यात व्होल्टेज पडतं आणि साध्या मशीनचा वेग हातातल्या हातात बदलतो. एक्स्टेंशनची वायर निदान दीड एमएमची असू द्या. डीएला साधारण ५०० ते ९०० वॉट लागतात, मोठ्या रोटरीला १२०० ते १४००. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर यातलं काही चालवायला जाऊ नका. आणि मशीनचे कार्बन, म्हणजे मोटारीतले झिजणारे कार्बन ब्रश, तुमच्या गावात मिळतील का, हे पैसे देण्याआधी विचारा. नाहीतर कार्बनच्या जोडीसाठी संभाजीनगरला माणूस धाडावा लागतो.

पॅडच्या बाबतीत फसगत रंगामुळे होते. रुपेसचा पिवळा फोम शेवटच्या बारीक हातासाठी असतो. लेक कंट्री या कंपनीचा पिवळा फोम जोरात कापणारा असतो. रंग बघून कधीच घेऊ नका, पाकिटावरचं काम वाचा. कंपाउंडही, म्हणजे पॅडवर घ्यायची कणदार पॉलिशं, दोन स्वभावांचे असतात. मेन्झर्ना कंपनीच्या पॉलिशचे कण घासता घासता बारीक होत जातात, म्हणून फेरी पूर्ण करावी लागते, अर्ध्यात पुसलं तर धूसरपणा राहतो. मेग्वायर्सच्या एम १०५ आणि एम २०५ चे कण तसे झिजत नाहीत, तिथं जोर पॅडनं आणि दाबानं ठरतो. शिकताना दोन्ही एकदम आणू नका. एकाच कंपनीचं मधलं पॉलिश आणि बारीक पॉलिश घ्या, तेवढ्यात बहुतेक जाळी निघते.

आता हाताची सवय. भंगारवाल्याकडून एक जुनं बॉनेट आणा, शक्यतो काळं किंवा गडद निळं. पांढऱ्यावर चूक दिसत नाही. पॅडला पॉलिश चढलं आणि त्याच्यासोबत गाडीचा रंगही आला, तर त्या पत्र्यावर क्लिअर कोटच नाही, जुन्या पद्धतीचा एकथरी रंग आहे. त्यावर हात बसवता येतो, पण निकाल वेगळा येतो हे धरून चाला.

बॉनेट धुऊन क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवा, वाळवा, मधोमध चिकटपट्टी लावा. एका अर्ध्यावरच काम करायचं. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्यावर बसतो त्या चकतीच्या, कडेवर मार्करनं एक जाड रेघ मारा. ती रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतोय, थबकली तर तुम्ही दाबताय किंवा तिरपं धरलंय. मला शिकवणारे पेंटर मामा तीस वर्षं रोटरी चालवताहेत. माझ्या हातात पहिल्यांदा डीए बघून म्हणाले, "मालक, एवढं कशाला दाबायलाव? मशीनलाच करू द्या की." त्यांनी हात माझ्या हातावर ठेवला तेव्हा कळलं, मशीनच्या वजनावर थोडासाच भार पुरतो.

नव्या पॅडला आधी सगळीकडे पॉलिश चोळून घ्या, मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. दीड-दोन फुटांचा चौकोन धरा. मशीन बंद असताना पॅड पत्र्यावर टेकवा, सगळ्यात कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग मशीनवरच्या आकड्यांत वेग चार-पाचवर न्या. आधी आडवे पट्टे, मग उभे, प्रत्येक पट्टा मागच्यावर अर्धा चढलेला. हात सेकंदाला इंच-दीड इंचापेक्षा वेगानं नेऊ नका. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथंच होते. झाडू मारल्यासारखं मशीन फिरवलं की तासभर घाम गाळूनही जाळी तशीच राहते. चार-सहा हातांनंतर पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणानं तेलकटपणा काढा. तेलामुळे ओरखडे बुजलेले दिसतात, निघालेले नसतात. मग टॉर्च तिरपा धरून बघा. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडा.

नख फिरवताना अडकतं असा ओरखडा, म्हणजे येड्या बाभळीचा काटा लागतो तसा, पॉलिशनं घालवायच्या नादी लागू नका. कडा गोल होऊन तो कमी दिसेल, तेवढ्यावर थांबा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही सुरुवातीला मशीननं घासू नका. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून, थंड पत्र्यावर, सावलीत मिनिटभर लावा आणि भरपूर पाण्यानं धुवा. त्यानंतर खड्डा उरला तरच पॉलिश.

मे महिन्यात हे काम सकाळी आठच्या आत किंवा बंद शेडमध्येच. ऊन खाल्लेल्या पत्र्यावर हात टेकवत नाही, तिथं पॉलिश पसरायच्या आधीच सुकतं आणि पावडर उडते. शिवाय वाऱ्याबरोबर धूळ आली तर पॅडखाली तेच कण येतात ज्यांनी मुळात जाळी केली होती.

भंगाराच्या बॉनेटवर चिकटपट्टी सोलून ते भर उन्हात न्या. पॉलिश केलेल्या बाजूला सूर्याचा ठिपका स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याभोवती जाळी, असा फरक सलग तीन चौकोनांत आला की स्वतःच्या गाडीला हात लावा. पेंटरकडून रंगाची जाडी मोजायचं मीटर तासभर मिळालं तर आधी सगळे पत्रे तपासा. एखादं दार इतरांच्या दुप्पट जाड निघालं तर ते परत रंगवलेलं आहे, खाली लांबी (खड्डे भरायची पुटी) असू शकते, तिथं वेगळी चाचणी घ्या. दाराच्या कडा, घड्या आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटपट्टीनं झाका. आणि पहिला चौकोन छतावर घ्या. तिथला पत्रा सपाट असतो, घड्या कमी असतात आणि उन्हाचा मार सगळ्यात जास्त तिथंच असतो.