विश्रामबागेतील परदेशी पर्सचे दुकान : रांग, दलाल आणि उघडी वही

सांगलीच्या विश्रामबाग भागात परदेशी बनावटीच्या, सहजी न मिळणाऱ्या पर्स विकणारे एक छोटे दुकान आहे. नव्या मालाची एजन्सी त्याच्याकडे नाही. मूळ मालकाकडून पर्स घेणे, तिची कसून तपासणी करणे आणि ती पुढच्या ग्राहकाला देणे, एवढाच त्याचा व्यवहार आहे. ग्राहकांमध्ये गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर पसरलेली विटा-खानापूरकडची कुटुंबे आणि तासगावचे काही द्राक्ष बागायतदार प्रामुख्याने दिसतात. एका पर्ससाठी अनेक इच्छुक असल्यामुळे अशा दुकानाची पारख करताना ती पर्स कोणाला आणि कोणत्या क्रमाने मिळते, हे मी आधी पाहतो.

येथे काउंटरवर एक वही ठेवलेली असते. प्रत्येक प्रकाराचे आणि रंगाचे पान वेगळे असून त्यावर ग्राहकाची आद्याक्षरे, नाव नोंदवल्याची तारीख आणि अनामत रकमेच्या पावतीचा क्रमांक एवढाच मजकूर असतो, आणि ज्याने नंबर लावला आहे त्याला आपले पान केव्हाही पाहता येते. पर्स आली की पहिल्या नावाला फोन जातो, दोन दिवसांत निर्णय कळवला नाही तर दुसऱ्याला विचारणा होते, आणि नकार देणाऱ्याचे नाव पानाच्या तळाशी जाते. एका कुटुंबाला एका प्रकारासाठी एकच नंबर मिळतो. ओळखपत्र नोंदणीच्या वेळी आणि पर्स हाती देताना असे दोनदा तपासले जाते. पर्स हवी असेल तर सोबत स्कार्फ किंवा पट्टा घ्या, असे कोणी सुचवतही नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते.

हे कौतुक का, हे समजण्यासाठी मोठ्या कंपन्यांकडे पाहावे लागते. हर्मेस या फ्रेंच कंपनीची बर्किन ही पर्स 1984 मध्ये बाजारात आली; तिच्यासाठी ग्राहकाला आपला क्रमांक पाहता येईल अशी यादी कंपनी ठेवत नाही. आधी इतर वस्तूंची खरेदी केल्याशिवाय बर्किन दाखवली जात नाही, अशी तक्रार घेऊन काही ग्राहकांनी मार्च 2024 मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा दाखल केला आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो फेटाळला गेला. हर्मेसच्या पॅरिसमधील दुकानांत चामड्याच्या पर्ससाठी आदल्या दिवशी ऑनलाइन विनंती करून वेळ मिळवावी लागते, आणि ती मिळाली तरी हवी ती पर्स मिळेलच असे नसते. दक्षिण कोरियात शनेल या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागू लागल्या, पैसे घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत उभे राहणारे लोक तयार झाले, आणि 2021 मध्ये कंपनीला तेथे क्लासिक पर्सच्या खरेदीवर वर्षाला एक अशी मर्यादा घालावी लागली. जेथे आपला क्रमांक कळत नाही, तेथे माणूस वाट पाहण्याऐवजी वशिला शोधतो किंवा दलालाला वरची रक्कम देतो. दलालाचा नफा बव्हंशी या अनिश्चिततेतून येतो, असे माझे ठाम मत आहे.

दलाल या दुकानातही आले. लग्नसराईच्या तोंडावर येथील एक नंबर व्हॉट्सॲप ग्रुपवर विक्रीला निघाल्याचे मी पाहिले होते. दुकानाने तो रद्द केला आणि तसा शेरा वहीत लिहिला. येथून घेतलेली पर्स वर्षभराच्या आत विकायची झाल्यास ती आधी दुकानाला दाखवावी, अशी अट पावतीवर छापलेली आहे. ती मोडणाऱ्यावर दुकान फार काही करू शकत नाही, पण त्या कुटुंबाचे नाव पुन्हा वहीत घेतले जात नाही, आणि सांगलीसारख्या एकमेकांना ओळखणाऱ्या गावात तेवढी जरब पुरते.

तपासणीच्या बाबतीतही दुकान जाणकार आहे. ‘पर्ससोबत अस्सलपणाचे कार्ड आहे, म्हणजे माल अस्सल’ हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात शनेलने 2021 मध्ये कार्ड आणि क्रमांकाचे स्टिकर बंद करून पर्सच्या आत धातूची क्रमांकित पट्टी बसवायला सुरुवात केली, आणि लुई व्हितॉंनेही त्याच वर्षी तारखेचा छापील कोड सोडून मायक्रोचिपचा मार्ग धरला. त्यामुळे नव्या पर्ससोबत जुन्या पद्धतीचे कार्ड आले, तर संशय उलट वाढायला हवा. येथे हे शांतपणे समजावून सांगतात, आणि हर्मेसची खोगिराच्या पद्धतीची, दोन सुयांनी घातलेली हातशिलाई भिंगाखाली दाखवतात. मगरीच्या कातड्याची पर्स कागदपत्रांशिवाय आली, तर ती परत पाठवतात. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास कायद्यानेच मनाई असल्यामुळे पैसे बँकेतूनच द्यावे लागतात. शिवाय दहा लाखांवरील पर्सवर 22 एप्रिल 2025 पासून एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून वसूल करायचा आयकर) लागतो, हे दुकान आधीच सांगते. माल वरच्या मजल्यावर कोरड्या कपाटांत ठेवलेला असतो. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या शहरात ही काळजी योग्यच आहे, कारण पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आता तक्रारीचा मुद्दा. दिवाळीच्या सुमारास आलेली एक काळी पर्स वहीतील पहिल्या नावाला न विचारताच परस्पर विकली गेली. विचारणा केल्यावर मालकीणबाईंनी सांगितले, की ती पर्स दुकानाने विकत घेतलेली नव्हती, तिच्या मालकाने ती केवळ विकून देण्यासाठी दुकानात ठेवली होती आणि त्यानेच ग्राहक ठरवून दिला होता. हे कारण खरे असू शकते व ते मला मान्यही आहे, परंतु तशी नोंद त्या पानावर त्याच दिवशी व्हायला हवी होती. महिनोन्महिने अनामत अडकवून बसलेल्या माणसाला ही गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून कळावी, हे बरोबर नाही. आता अशा पर्ससाठी वेगळे पान ठेवण्याचे त्यांनी कबूल केले आहे; मात्र मी शेवटचे गेलो तेव्हा ते पान सुरू झालेले नव्हते.

अनामत परत मिळते, पण महिनाअखेरीस आणि केवळ मूळ पावतीवर, तेव्हा ती जपून ठेवावी. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी पर्स हवी असल्यास श्रावणातच नंबर लावावा आणि रंगाचा आग्रह थोडा सैल ठेवावा. काळ्या रंगाचे पान सर्वांत लांब असते, तर तपकिरी आणि मातकट रंगांची पाने बरीच लवकर पुढे सरकतात.