सोलापुरात बनवून घेतलेला धुरीचा ड्रम : सहा महिन्यांच्या वापरानंतर

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यातून मी दोनशे लिटरच्या नव्या लोखंडी पिंपाचा, मांस धुरावर शिजवण्याचा ड्रम साडेनऊ हजार रुपयांत बनवून घेतला. तळाशी कोळशाची टोपली, वर स्टेनलेस स्टीलची जाळी, खालच्या बाजूस हवेची तीन भोके, झाकणाला धुराची वाट आणि एक तापमापक, एवढीच त्याची रचना आहे. गेल्या सहा महिन्यांत तो जवळजवळ दर रविवारी पेटला आहे.

हा ड्रम घ्यावासा वाटला तो डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वेच्या स्वयंपाक्यांमुळे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील लिंचबर्ग या गावी 1989 पासून भरत आलेल्या, जॅक डॅनियल्स या व्हिस्की कंपनीच्या निमंत्रितांच्या बार्बेक्यू स्पर्धेत या देशांचे संघ अमेरिकी संघांच्या शेजारी चूल मांडतात. धूर त्यांना परका नाही. डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटावर अल्डर झाडाच्या लाकडावर हेरिंग मासे धुरवण्याची जुनी रीत आहे. परंतु गोमांसाचा ब्रिस्केट, म्हणजे छातीचा तुकडा, आणि डुकराच्या बरगड्या तासन्‌तास मंद आचेवर शिजवणे ही अमेरिकेच्या दक्षिणेची आणि मिडवेस्टची, म्हणजे मध्य-पश्चिम भागाची, विद्या, आणि ती या मंडळींनी तापमापक व वही घेऊन, चुकत-चुकत आत्मसात केली. जे त्यांना जमले ते सोलापुरात का जमू नये, असे मला मनापासून वाटले.

म्हणून ड्रमची परीक्षाही मी स्पर्धेच्याच मापाने घेतली. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी या, अशा स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या पद्धतीत सहा परीक्षक असतात. पदार्थ कोणत्या संघाचा हे न कळता ते रूप, चव आणि मऊपणा यांना 2 ते 9 गुण देतात, चवीला सर्वाधिक वजन असते आणि सर्वांत कमी गुण देणाऱ्या परीक्षकाचे गुण धरले जात नाहीत. मी वाड्यातल्या सहा जणांना सहा ताटल्या दिल्या. निम्म्या ताटल्यांत ड्रममधले मटण होते, निम्म्यांत घरच्या चुलीवरचे, आणि कोणते कुठले हे कोणालाही सांगितले नव्हते.

पहिल्या ताटल्या बोकडाच्या बरगड्यांच्या होत्या. शेजारच्या मावशींनी एक घास घेतला आणि विचारले, "अरे, मटण अजून हाडाला धरूनच आहे की! आणखी शिजवायचं नाही का?" मला तिथेच थांबावे लागले, कारण अमेरिकी स्पर्धेत नेमके तेच हवे असते. बरगडीला दात लावला की तेवढाच घास सुटला पाहिजे आणि बाकीचे मांस हाडावर राहिले पाहिजे. सगळे गळून पडले तर ते जास्त शिजले असे मानतात. आपल्याकडे हाडावरून सुटणारे मटण ही सुगरणीची खूण आहे. स्कँडिनेव्हियन संघांनी केवळ हात नव्हे, तर जीभ आणि दातही परक्या मापाला सरावले असणार, हे मला त्या एका प्रश्नाने कळले. मावशींनी 6 गुण दिले आणि मी ते मान्य केले.

मोठ्या तुकड्यावर ड्रमचे खरे सामर्थ्य दिसते. दीड किलोचा हाडासकट खांदा मीठ, काळी मिरी आणि थोड्या काळ्या मसाल्याने चोळून सकाळी सातला जाळीवर ठेवला. वाळलेल्या बाभळीच्या चार ढलप्या कोळशावर होत्या. जाळीजवळचे तापमान 107 अंश सेल्सिअसच्या आसपास पाच तास टिकले. मांसाच्या आतले तापमान 68 अंशांवर येऊन सव्वा तास हलेना. पृष्ठभागावरचे पाणी उडत राहते आणि मांसाला थंड करते, म्हणून असे होते. नवशिका इथे कोळसा वाढवतो आणि मांस कोरडे करून बसतो. मीही पहिल्या महिन्यात तेच केले. या वेळी तुकडा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळला, 92 अंशांना उतरवला आणि तासभर तसाच ठेवला. चिवट तंतूंमधला कोलॅजेन (मांसाला चिवटपणा देणारे प्रथिन) विरघळून मांस बोटांनी सुटत होते. कडक भाकरीवर ते पसरून वर शेंगाचटणी भुरभुरली तेव्हा सहापैकी चौघांनी 9 गुण दिले.

आता दोष. झाकणावरचा तापमापक जाळीपेक्षा तब्बल 23 अंश जास्त दाखवत होता, त्यामुळे सुरुवातीचे दोन तुकडे कच्चे राहिले. मांसात खुपसायचा आणि जाळीला अडकवायचा असे दोन डिजिटल तापमापक मला वेगळे घ्यावे लागले. झाकणाच्या कडेतून हवा शिरत होती आणि भोकांची झाकणे लावूनही आच उतरत नव्हती. कारखान्यातल्या मिस्त्रींनी तक्रार ऐकून घेतली व कडेला उष्णतारोधक दोरी बसवून दिली, पण हे काम पहिल्याच वेळी व्हायला हवे होते.

बनवून घेणाऱ्यांनी पिंप रसायनाचे किंवा तेलाचे जुने नाही याची खात्री करावी, आतला रंग पहिल्यांदा मोकळ्या जागी मोठ्या आगीने पूर्ण जाळून टाकावा आणि जस्ताचा मुलामा असलेली जाळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण तापल्यावर जस्ताची विषारी वाफ सुटते. हवेच्या तिन्ही भोकांना बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे दांडी फिरवून उघडबंद होणाऱ्या तोट्या, लावून घ्यावेत. माझ्या ड्रमला एकच आहे आणि उरलेल्या दोन भोकांची पत्र्याची झाकणे चिमट्याने सरकवताना बोटे भाजतात.