रोटरी एअरलॉक की ब्लो टँक?

दाबाच्या हवेने माल वाहणाऱ्या पाइपात, म्हणजे प्रेशर लाइनमध्ये, पावडर सोडायची म्हटलं की पहिलं नाव रोटरी एअरलॉकचं, म्हणजे फिरत्या पात्यांच्या व्हॉल्व्हचं, निघतं, आणि त्यात वावगं काही नाही. उंची कमी लागते, माल अखंड जातो, साध्या ब्लोअरवर भागतं. मी दोन्ही चालवले आहेत. फ्लाय अ‍ॅश किंवा सिलिका पावडरसारखा बारीक आणि झीज करणारा माल असेल, तर माझा कल ब्लो टँककडे, म्हणजे माल भरून बंद करायच्या आणि दाबाच्या हवेने तो लाइनमध्ये ढकलणाऱ्या टाकीकडे, झुकतो. कारण रोटरीची हवागळती.

नव्या व्हॉल्व्हमध्ये रोटरची पाती आणि हाउसिंग यांच्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढीच फट असते. तरी गळती होतेच, कारण माल टाकून वर परतणारा पात्यांमधला प्रत्येक रिकामा कप्पा लाइनची दाबाची हवा सोबत आणतो. त्यात झीज होऊन फट वाढत जाते. ती हवा वर माल साठवणाऱ्या हॉपरच्या तोंडाशी पावडर फुगवून ठेवते आणि कप्पे अर्धेच भरतात. माल कमी पडतोय म्हणून आपण आरपीएम वाढवावा, तर कप्पा भरायला वेळ आणखी कमी मिळतो. शिवाय वर गेलेली हवा लाइनच्याच वाट्याची. तिकडे वेग उतरला की आडव्या पाइपात माल बसायला लागतो. मग हातोडा. आमच्या हॉपरच्या कोनाला ठोकून ठोकून इतके पोचे पडले होते की पावडर त्यांच्यावरच अडकायची.

रिकामे कप्पे वर येतात त्या बाजूला हवा बाहेर सोडायला व्हेंट दिला की बराच फरक पडतो, हे खरं. पण त्यातून धूळही येते, तिला फिल्टर हवा, आणि फट वाढायची ती वाढतेच.

ब्लो टँकचं झाकण बंद झालं की हवेला वर जायला वाटच उरत नाही. फुकट काही नाही म्हणा: कॉम्प्रेसर आला, कोरडी हवा आली, डोक्यावर उंची हवी, आणि माल बॅचने जातो. बॅच संपताना लाइन रिकामी होते, हवा सुसाट सुटते आणि पाइपाचे बेंड (वळणं) खाते. म्हणून डिस्चार्ज वेळेत बंद करण्याचं सेटिंग नीट बसवावं लागतं.

प्लास्टिकच्या दाण्यांसाठी मात्र मी रोटरीच घेईन. माल हवेने ओढून घेणाऱ्या व्हॅक्युम लाइनमध्ये तर माल घेण्याच्या टोकाला हा त्रास जवळपास नसतोच.

ब्लो टँक ठरलाच, तर इनलेट व्हॉल्व्हचं सील बदलायला हात पोचेल एवढी जागा ड्रॉइंगमध्येच मागून घ्या. ते सील झिजणारच आहे.