कागद मागायच्या आधीच मी सात हजार भरले

मी कर्नाटकातल्या वडगावात राहते, घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको आणि जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म. 2023 च्या उन्हाळ्यात गल्लीतली एक बाई मशीनचं निमित्त काढूनच माझ्याकडे आली. ती बायकांच्या कर्जाच्या संघाची लीडर, दहा-बारा जणींचे हप्ते गोळा करायची. म्हणाली, मोटरचं मशीन घ्यायला कर्ज मिळतंय, आधार आणि दोन फोटो दे. तिनं एका छोट्या यंत्रावर माझं बोट ठेवून घेतलं. लागलं नाही म्हणून परत ठेवलं, मग दुसरं बोट. आठ दिवसांनी सांगितलं, "तुझं नाव बसलं नाही गे." मी विसरूनही गेले. आधारची झेरॉक्स परत मागावी, एवढंसुद्धा सुचलं नाही.

2024 च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी साडेसातला दारात दोघं उभे. एक बोलणारा, एक नुसता मोबाईल धरून. "अक्का, रोक्क कट्री," म्हणजे ताई, पैसे भरा. पंचेचाळीस हजार घेतलेत, सोळा हप्ते थकलेत. मी म्हटलं, मी एक पैसा घेतला नाही. त्यानं मोबाईलवर माझा फोटो दाखवला, माझंच आधार दाखवलं, आणि आवाज चढवला. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. आमच्या गल्लीत घराला घर लागून आहे, तीन घरांपलीकडे शिंकलं तरी कळतं. मालक कामावर, सासूबाई आत देवाजवळ बसलेल्या. मला फक्त तो माणूस दारातून जायला हवा होता. दिवाळीच्या शिलाईचे साडेतीन हजार डब्यात होते ते दिले. पुढच्या महिन्यात परत साडेतीन हजार. पावती मागितली तर "सिस्टीम डाउन आहे, मेसेज येईल." मेसेज आला नाही.

पैशापेक्षा मोठी चूक मी त्या दुसऱ्या खेपेच्या दिवशी केली. त्यानं वहीचं पान फाडून दिलं आणि सांगितलं म्हणून मी लिहिलं, की माझं कर्ज बाकी आहे, दरमहा पंधराशे भरीन, आणि खाली सही केली. "साहेबांना दाखवायला पायजे, म्हणजे कोणी येणार नाही," असं त्याचं म्हणणं.

हे सगळं नणंदेच्या यजमानांना कळलं ते तिच्या घरच्या जेवणाला गेलो तेव्हा. भावजींनी एका सोसायटीत आयुष्यभर क्लार्की केली. त्यांनी पहिलं विचारलं, "वहिनी, लोन कार्ड कुठं आहे?" मी विचारलं, ते काय असतं? त्यांनी ताट बाजूला सारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे, म्हणजे तारण न घेता दिलेल्या छोट्या कर्जांचे, नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. त्यात प्रत्येक कर्जदाराला तिला समजणाऱ्या भाषेत लोन कार्ड द्यावंच लागतं. त्यावर रक्कम, व्याज, हप्ते, सगळं असतं आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पोच त्यावरच मिळायला हवी. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला फोन करायचा नाही. वसुलीच्या माणसाकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र हवं. हप्ता घ्यायची जागा दोघांनी मिळून ठरवायची, तिथं लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा बाई आली नाही तरच घरी यायचं. माझ्या दारात यातलं एकही पाळलं गेलं नव्हतं, आणि मला यातलं एकही माहीत नव्हतं.

वहीच्या पानाचं ऐकून मात्र ते गप्प झाले. मग म्हणाले, कर्ज वसूल करायला कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षं. ती संपायच्या आत तुम्ही लिहून सही दिलीत, किंवा थोडे पैसे भरून त्याची लेखी नोंद झाली, की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. "म्हणून तर लिहून घेतात वहिनी. साहेबाला दाखवायला नव्हे."

दुसऱ्या दिवशी आम्ही कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. कर्ज घेतलं की नाही यावर वाद घालायचा नाही, असं भावजींचं ठाम मत. "हे कर्ज मी घेतल्याचं मला मान्य नाही" एवढं एक वाक्य, आणि पुढं मागण्या. सही केलेल्या करारनाम्याची पूर्ण प्रत, फक्त शेवटचं पान नव्हे. पैसे कुठल्या तारखेला कुठल्या खात्यात जमा केले, त्या व्यवहाराचा नंबर. कर्ज मंजूर करताना कुठला मोबाईल नोंदवला. खात्याचा पहिल्यापासूनचा उतारा. कर्ज दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलं असेल तर त्याचा कागद. पत्र मी मराठीत लिहिलं, भावजींनी सोबत इंग्रजी प्रत जोडायला लावली. मला आधी राग आला, आपल्याच भाषेत का नको म्हणून. पण "भाषा कळली नाही" हे निमित्त त्यांना कशाला द्यायचं, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. रजिस्टर पोस्टानं, पोचपावती जोडून पाठवलं.

त्या काळात वसुलीवाल्याचे फोन वाढले. मी एकच म्हणायची, कागद पाठवा. तो म्हणाला, करार पाहायचा असेल तर आधी पाच हजार भरा, मग ऑफिसला या. इथं कोणीही भरू नका. करारनाम्याची प्रत कर्जदाराला कर्ज देतानाच द्यायची असते, तिला दाम लागत नाही.

त्याच आठवड्यात मी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा उतारा, काढला. देशात असे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात माझ्या नावावर एक नव्हे, दोन कर्जं निघाली. दुसरं फिटलेलं होतं. कोणी घेतलं, कोणी फेडलं, देव जाणे.

तीस दिवस उलटले, उत्तर नाही. मग बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आणि 14448 वर फोन करून माहिती मिळते. आधी कंपनीला लेखी कळवलेलं असावं लागतं, म्हणून ती पोचपावती सोन्यासारखी जपा. पोलीस ठाण्यातही अर्ज दिला, त्याची पोच घेतली.

मग मात्र कंपनीचं पाकीट आलं. करारनाम्यावर माझा फोटो, माझा पत्ता, आणि सही कन्नडमध्ये. मी आयुष्यभर मराठीत सही करते. शाळेच्या दाखल्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे तीच. पाकिटात माझं ते वहीचं पानही होतं, "तुम्ही स्वतः कबूल केलं आहे" म्हणून जोडलेलं. त्यावर माझी मराठी सही. दोन्ही कागद त्यांनीच एका पाकिटात घालून पाठवले! मोबाईल नंबर माझा नव्हता, आणि खात्याचे शेवटचे चार आकडे माझ्या कुठल्याच पासबुकाशी जुळेनात. उताऱ्यात माझ्या सात हजारांची नोंद कुठंच नव्हती.

याच सुमारास, 12 फेब्रुवारी 2025 ला, कर्नाटकात सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश आला. दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. दारात येणाऱ्यांचे आवाज एकदम खाली आले. गल्लीत मात्र अफवा उठली, सगळी कर्जं माफ. तसं नव्हतं. रिझर्व्ह बँकेकडे नोंद असलेल्या कंपन्यांची कर्जं त्यानं माफ झाली नाहीत, आणि त्या अफवेवर हप्ते थांबवलेल्या बायकांना पुढं त्रासच झाला.

माझं खातं कंपनीनं बंद केलं, रिपोर्टमधलं नाव काढलं. सात हजारांबद्दल लेखी उत्तर आलं, "आमच्याकडे अशी रक्कम जमा नाही." लीडर बाई घर सोडून गेली होती.

परवा मागच्या गल्लीतली एक मैत्रीण नोटीस घेऊन आली. तिनं कर्ज खरंच घेतलंय, म्हशीसाठी. मी तिला सरळ सांगितलं, तुझं देणं कागद मागून चुकणार नाही, पण उतारा मागव. उतारा आला. कार्डावर सही असलेले तिचे दोन हप्ते त्यात नव्हते. कार्ड दाखवल्यावर ते वळते झाले. माझ्याकडे कार्डच नाही.