सहा महिने कॅलरी मोजल्या: फोंड्यातल्या जिम + ॲप पॅकेजला माझे अडीच स्टार

आकडा आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. मे महिन्यात वजन ७४.६, ऑक्टोबरच्या शेवटी ७१.८. म्हणजे गेले २.८ किलो. सेल्सवाल्या पोरीने पहिल्या दिवशी कागदावर गोल करून दिलेला आकडा होता ११.७. पैसे १४,५००, त्यात सहा महिने जिम, ॲपचं प्रीमियम आणि मनगटावरचा बँड. नाव लिहीत नाही, जिम आमच्या बाजारात आहे, कोच रोज दिसतो आणि त्या बिचाऱ्याची तशी चूकही नाही. आणि खरं सांगायचं तर ह्याच पद्धतीचं पॅकेज वेगवेगळ्या नावांनी सगळीकडेच मिळतं, त्यामुळे कुठलंही घेणार असाल तरी हे वाचा.

तर तो ११.७ आला कुठून? माझी उंची, वजन, वय (४३) टाकलं, ॲपने सांगितलं रोज ५०० कॅलरी कमी खा. ५०० गुणिले १८० दिवस म्हणजे ९०,०००, भागिले ७,७००, झाले ११.७. एवढंच. मी अकाउंट्समध्ये आहे, मला हे इतकं आवडलं की मी तिथेच कार्ड दिलं. नंतर वाचताना कळलं की हा ७,७०० चा हिशोब मॅक्स विश्नॉफस्की नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५८ मध्ये मांडलेला, एक पौंड चरबी म्हणजे ३,५०० कॅलरी, त्याचंच किलोत केलेलं रूप. चरबीच्या गोळ्यासाठी ठीक आहे तो. पण ॲप समजतं की मी पहिल्या दिवशी जेवढं जाळत होते तेवढंच १८० व्या दिवशीही जाळणार, आणि तसं होत नाही, पुढे सांगते.

आधी ॲपबद्दल. दिसायला छान, मराठी पण आहे (भाषांतर बघू नका, ‘स्नॅक’ला ‘अल्पोपहार’ आणि ‘चीट डे’ला ‘फसवणूक दिवस’). पण जेवण टाकायला गेलात की रडू येतं. ‘फिश करी, १ वाटी, ११० कॅलरी’. कसली फिश करी? आमच्याकडे बांगड्याच्या हुमणाला अर्धा नारळ सहज जातो, ओलं खोबरं १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, आता करा हिशोब. आणि वाटी कुणाची? सासूबाईंच्या वाटीत माझ्या दोन वाट्या मावतात. उकड्या तांदळाचं शीत (शिजलेला भात) पंधरा दिवस मी कच्च्या तांदळाच्या नावाखाली टाकत होते, कच्चा तांदूळ १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास आणि शिजलेला भात १३०, म्हणजे मी स्वतःला उगाच उपाशी ठेवलं. मग कळल्यावर उलटी चूक केली. पोळी शोधली तर चपाती येते, आमच्या पोदेराची (पाववाल्याची) कोंड्याची पोळी, म्हणजे एक प्रकारचा पाव, कुठेच नाही, शेवटी ‘होल व्हीट पिटा ब्रेड’ टाकायला लागले. पोदेराला सांगितलं तर तो सायकलवरून पडता पडता वाचला.

मग ९०० रुपयांचा किचन काटा आणला. हा मात्र डोळे उघडणारा निघाला, पाच स्टार त्या काट्याला. मी ‘एक चमचा’ म्हणून जे खोबरेल फोडणीला ओतायचे ते २२ ग्रॅम निघालं, म्हणजे जवळजवळ २०० कॅलरी नुसतं तेल. शिवाय वाटप चाखून बघणे, मुलाने ताटात टाकलेला अर्धा उंडा (पाव), ऑफिसात फाईल बघता बघता चार काजू. हे सगळं ‘खाल्लं’ ह्या सदरात माझ्या डोक्यात येतच नव्हतं. १९९२ सालचा एक अभ्यास आहे अमेरिकेतला, ज्या लोकांचं म्हणणं होतं की आम्ही बाराशेपेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही अशांना तपासलं, तर त्यांचा मेटाबॉलिझम नॉर्मल होता, जेवण त्यांनी जवळपास निम्मं कमी सांगितलेलं आणि हालचाल निम्म्याने जास्त. खोटारडी नव्हती ती माणसं, माझ्यासारखीच होती. हे वाचलं तेव्हा दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही.

पण सगळं मोजलं तरी आकडा बरोबर येतो असं नाही हां. पाकिटावरच्या कॅलरी ज्या सूत्राने काढतात (प्रोटीन ४, कार्ब ४, फॅट ९) ते विल्बर ॲटवॉटरचं, १८९० च्या दशकातलं. साधारण ठीक, पण सगळ्या अन्नाला नाही. काजूचंच बघा, आपला गोव्याचा विषय. अमेरिकेत माणसांना खायला देऊन खरंच मोजलं तेव्हा २८ ग्रॅम काजूतून अंगाला लागल्या १३७ कॅलरी, सूत्र म्हणतं १६३. दाणा नीट फुटला नाही तर आतली चरबी तशीच बाहेर जाते. म्हणजे मी काजूवर जास्त लिहितेय आणि तेलावर कमी, आणि ॲप मला खाली ‘आज तुम्ही १,४२७ कॅलरी घेतल्या’ असं शेवटच्या सातपर्यंत सांगतंय. आमच्या ऑफिसात असा ताळेबंद कुणी आणला असता तर ऑडिटवाल्यांनी हाकलला असता.

बँडला एक स्टार, तोही वेळ बरोबर दाखवतो म्हणून. झुंबाचा तास झाला की ‘५४० कॅलरी बर्न!’ आणि फटाके फुटतात स्क्रीनवर, आणि मग ॲप लगेच तेवढ्या कॅलरी जेवणात वाढवून देतं, की आता खा. मी खायचे. का नाही खाणार, फटाके फुटलेत. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये सात बँड साठ जणांवर तपासलेले, हृदयाचे ठोके सातपैकी सहांनी चांगले मोजले पण कॅलरीत सगळ्यात बऱ्या बँडचीही चूक २७ टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची ९३. पॅकेज विकताना हे कुणी सांगत नाही, ‘मॅडम सेन्सर एकदम ॲडव्हान्स’ एवढंच.

आता वजनाची गोष्ट. पहिल्या पंधरा दिवसांत जवळजवळ ३ किलो उतरले. मी तर मावशीला फोन करून सांगितलं. कोचने पण व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलं. ते बरंचसं पाणी होतं. शरीर जी साखर साठवून ठेवतं, ग्लायकोजेन, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी असतं, भात-पाव एकदम तोडला की ते पहिलं जातं. त्यानंतर सात आठवडे काटा हलला नाही. सात. ट्रॉलरबंदी चालू, बाजारात धड मासे नाहीत, मी किस्मूर (सुक्या माशांची कोशिंबीर) आणि डाळीवर दिवस काढतेय, पावसात भिजत सकाळी सहाला जिमला जातेय आणि काटा ७१.९ वर बसलेला. ॲपमधल्या ‘डायट एक्स्पर्ट’ला चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, ‘प्रामाणिकपणे लॉगिंग करा आणि पाणी भरपूर प्या.’ दुसऱ्यांदा विचारलं, तेच उत्तर, शब्दाला शब्द. म्हणजे तिकडे माणूस आहे की पोपट मला अजून माहीत नाही.

ह्या सात आठवड्यांत काय झालं ते मला माझ्या नवऱ्याने सांगितलं, ॲपने नाही. तो म्हणाला, अगो, तू जिमला जायला लागल्यापासून घरी हलतच नाहीस. खरं होतं. मी रोज कदंब बसने पणजीला जाते, आधी स्टँडवरून आल्तिनोच्या टेकडीपर्यंत चालत चढायचे, अर्धा तास जायचा. जिम सुरू झाल्यावर पाय दुखायचे म्हणून कधी पायलट (मोटरसायकल टॅक्सी) कधी ऑफिसच्या मैत्रिणीची स्कूटर. संध्याकाळी आल्यावर भांडी मुलाला सांगायची आणि सोफा. रविवारी बाग नाही. एक तास घाम गाळला आणि उरलेल्या तेवीस तासांतून तो परत काढून घेतला. ह्यावर पण काम झालंय, जेम्स लेव्हाइनच्या टीमने १९९९ मध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या, कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, कुणाची चार किलोच्या वर गेली, आणि फरक जिमचा नव्हता, उठबस, चालणं, चुळबुळ ह्याचा होता.

आणि हर्मन पॉन्टझर म्हणून एक आहे, त्याने टांझानियातल्या हाड्झा लोकांचं मोजमाप केलं, २०१२ मध्ये छापून आलं. हे लोक रोज मैलोनमैल चालतात, कंद खणतात, शिकार करतात. अंगकाठीचा फरक जमेस धरला तर दिवसाला जाळतात तेवढंच जेवढं खुर्चीत बसणारा अमेरिकन माणूस. म्हणजे हालचाल वाढवली की शरीर दुसरीकडे कुठेतरी काटकसर करतं, आपल्या घरच्या बाईसारखं, पाहुणे आले की आमटीत पाणी. आणि वजन उतरलं तर काटकसर आणखी वाढते. अमेरिकेत टीव्हीवर वजन कमी करायची स्पर्धा होती त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं (२०१६ चा अभ्यास), तर बसल्या जागी ते त्यांच्या अंगाच्या मानाने दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते, आणि बहुतेकांचं वजन परत आलेलं. माझं प्रकरण तेवढं भयंकर नाही, पण ‘५०० कमी’ हे कायम ५०० राहत नाही, तीन महिन्यांत ते कितीही असू शकतं. सेल्सच्या कागदावर ह्याला जागा नव्हती.

सगळ्यात जास्त राग मला फॉर्मचा आला. दोन पानी फॉर्म, आवडता रंग विचारला (टी-शर्टसाठी), पण थायरॉइड आहे का, पाळी कशी, कुठली औषधं चालू, काही नाही. श्रावणात केस गळायला लागले, पाय जड, म्हणून हेल्थ सेंटरला गेले, डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत विचारलं आणि टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) करायला सांगितलं. ९ च्या वर आलं. गोळी सुरू झाली. त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं की गोळीने भराभर वजन उतरेल अशी आशा ठेवू नका, उतरलं तर थोडंच आणि त्यात पाणी जास्त. पण थकवा गेला, मी परत आल्तिनो चढायला लागले. स्टेरॉइड, इन्सुलिन, काही डिप्रेशनच्या गोळ्या, ह्यांनीही वजन वाढतं, पीसीओडी असेल तर गोष्ट वेगळी. कुणीही १४,५०० घ्यायच्या आधी हे विचारायला हवं की नको?

चतुर्थीबद्दल जास्त लिहीत नाही. पाच दिवस ॲप बंद. सासूबाई म्हणाल्या, ‘खा गो, एक नेवरी खाल्यार कितें जाता?’ एक नव्हती ती. सव्वा किलो वाढलं, दहा दिवसांत उतरलं.

मग अडीच स्टार तरी कशाला, विचाराल. कोचमुळे. जुलैमध्ये तो पण कंटाळला बहुतेक, म्हणाला मॅडम झुंबा सोडा, वजनं उचला. मी घाबरत घाबरत ५ किलोच्या डंबेलपासून सुरू केलं, आता गॅस सिलिंडर एकटी सरकवते. त्यानेच जेवणात प्रोटीन वाढवायला लावलं, कुळीथ, अंडी, बाजारात आले की तारले. आणि एक टेप आणून कंबर मोजायला लावली. कंबर ९४ सेंटीमीटरवरून ८८ झाली! किलोत हे दिसतच नाही. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी) ६.१ होतं ते ५.७. आपल्या लोकांना तर किलो हे माप तसंही फसवं, पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तो फोटो प्रसिद्ध आहे, २००४ च्या लॅन्सेटमधला, ते आणि जॉन युडकिन नावाचे इंग्लिश डॉक्टर शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. आमच्या ऑफिसातले निम्मे ‘मी तर बारीक आहे’ वाले पुरुष ह्यात येतात, सांगायला गेलं तर राग येतो. बायकांसाठी कंबर ८० च्या आत हवी म्हणतात, मला अजून वाट आहे.

तर घ्यायचं असेल तर नुसती जिम घ्या, ॲप आणि बँड काढून किती होतात विचारा, मला ८,००० सांगितले होते आणि मी शहाणपणा करून कॉम्बो घेतला. पावसात चेंजिंग रूम गळते, टॉवेल घरून न्या. सकाळी साडेसहाची बॅच चांगली, संध्याकाळी कॉलेजची पोरं आरशासमोरून हटत नाहीत. ॲप लागलंच तर पंधरा दिवस फुकटवालं वापरा, काट्यावर तेल मोजून बघा, आणि काढून टाका.

गेल्या आठवड्यात रिन्यूअलचा फोन आला, तीच पोरगी, चाळीस टक्के ऑफ. ‘मॅडम ह्या वेळी गोल किती किलो टाकू?’ म्हटलं किलो राहू दे, कंबर ८४ लिही. थोडा वेळ टकटक ऐकू आली.

‘मॅडम, कंबरेचा ऑप्शन नाही येत.’