काकाटू एपिस्टो: टिळकवाडीतल्या टाकीत अकरा महिने

गेल्या फेब्रुवारीत बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरच्या टाकीसाठी काकाटू एपिस्टो या छोट्या माशाचा एक नर आणि तीन माद्या आणल्या. दुकानदार नुसतं ‘एपिस्टो’ म्हणतात, पूर्ण नाव एपिस्टोग्रामा काकाटुऑइड्स. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात, त्यावरून हे नाव पडलं. मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातले. नर तीन इंचांपर्यंत वाढतो, मादी दोन इंचांची.

टाकी दोन फुटी. एक स्पंज फिल्टर, तळाला बारीक वाळू आणि नारळाच्या चार करवंट्या, प्रत्येकीला बोटभर रुंद दार. मादी गुहेच्या छताला अंडी चिकटवते, त्यामुळे प्रत्येक मादीला स्वतःची करवंटी हवीच. मी सुरुवातीला दोनच ठेवल्या होत्या. आठवड्याभरात तिसऱ्या मादीचे पर फाटले. करवंट्या वाढवून मध्ये जावा फर्नची झाडी उभी केली, तेव्हा भांडणं कमी झाली.

खरी परीक्षा पाण्याची होती. उन्हाळ्यात आमच्या घरी बोअरचंच पाणी असतं, मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ४६० च्या आसपास. काकाटू सोशीक जात आहे, मोठे मासे त्या पाण्यात खाऊन-पिऊन मजेत होते. अंड्यांचं मात्र जमेना. मार्चमध्ये दोनदा अंडी पांढरी पडून बुरशी धरली. एप्रिलमध्ये तिसऱ्या खेपेला कशीबशी बारा पिल्लं वाचली.

जूनमध्ये पाऊस लागला आणि मी पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंपं लावली. पहिले चार-पाच पाऊस वाहून जाऊ दिले, कारण छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण त्यात उतरते. नंतरचं पाणी कापडातून गाळून साठवलं. आई रोज विचारायची, “अरे, घरात माणसांना पाणी नाही आणि माशांना एवढी पिंपं?” नुसतं पावसाचं पाणी वापरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, पीएच एकाएकी घसरतो. मी चार भाग पावसाचं आणि एक भाग बोअरचं असं मिसळतो, टीडीएस शंभराच्या आसपास येतो. सोबत देशी बदामाची गळून वाळलेली लाल पानं, धुऊन दोन-तीन. पाण्याला फिक्या चहाचा रंग चढतो. आमच्या गल्लीतच झाड आहे, पानं विकत का आणायची?

जुलैत थोरल्या मादीने अंडी घातली. ती हळदीसारखी पिवळीधमक झाली, अंगावर काळे ठिपके उठले आणि तिने नराला टाकीच्या कोपऱ्यात दाबून धरलं. चौथ्या दिवशी अंडी फुटली. त्यानंतर सहा दिवसांनी पिल्लं पोहू लागली आणि मी ऑफिसला उशिरा जायला लागलो. मादी अंगाला किंचित झटका देते आणि सगळी पिल्लं वाळूवर निपचित बसतात. संध्याकाळी दिवा मंदावला की एकेकाला तोंडात धरून करवंटीत नेऊन सोडते. एवढ्याशा माशाची ही माया बघण्यासाठी तरी एपिस्टो पाळावेत असं मला मनापासून वाटतं.

पिल्लांना पहिल्या दिवसापासून ताजी फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली अगदी बारीक कोळंबी, दिली. मिठाच्या पाण्याची बाटली आणि एअर पंप, थंडीत थोडी ऊब द्यावी लागते. साधारण चोवीस तासांत आर्टेमिया अंड्यांतून बाहेर पडते. कोरड्या पावडरीवर पिल्लं वाढवायचा नाद सोडा.

नर-मादी ओळखू आल्यावर मला धक्काच बसला. एप्रिलची बारा पिल्लं, त्यांतले नऊ नर. जुलैची एकेचाळीस, त्यांत एकतीस माद्या. उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३० अंशांवर होतं, पावसाळ्यात हीटरशिवाय २३ वर. या माशांत पिल्लू नर होणार की मादी हे लहानपणीच्या तापमानावर बरंच अवलंबून असतं: ऊब जास्त तर नर जास्त. दोन्ही हवेत तर पहिला महिना-दीड महिना पाणी २६ अंशांवर ठेवा.

त्यासाठीच डिसेंबरात हीटर आणला. बेळगावच्या थंडीत रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो, हीटरला पर्याय नाही. पण तो हीटर वीस दिवसांत चालूच अडकला. सकाळी पाणी ३४ अंश, दोन माद्या मेलेल्या. त्यांत ती थोरलीही होती. आता वेगळा तापमान-नियंत्रक लावलाय, हीटर त्याच्यातूनच चालतो. हा खर्च पहिल्याच दिवशी करा, मी केला नाही याचं वाईट वाटतं.

जास्तीच्या माद्यांपैकी सहा खानापूरच्या एका मित्राला दिल्या, सोबत एप्रिलचे दोन नर. त्याच्या विहिरीचं पाणी मीटरवर ७० दाखवतं, त्याला पिंपं लावायची गरजच नाही. परवा रात्री त्याचा फोन आला, एक मादी पिवळी पडून करवंटीतून बाहेर येत नाही म्हणाला. मी त्याला आधी आर्टेमियाची बाटली लावायला सांगितली.