हापूसच्या गर्दीआधी साइटची तयारी: कुडाळच्या दोघांच्या सेवेचा अनुभव

देवगड तालुक्यातील आमच्या बागेचा हापूस आम्ही गेली काही वर्षे स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो. वर्षातले आठ-नऊ महिने त्या साइटवर कोकम आगळ, आंबापोळी आणि फणसपोळीच्या दिवसाला चार-दोन ऑर्डरी येतात; मार्चच्या मध्यापासून चित्र पालटते, आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या तीन-चार संध्याकाळी तर साइटवर अक्षरशः झुंबड उडते. या गर्दीसाठी साइट तयार करून देण्याचे काम जानेवारी 2025 मध्ये आम्ही कुडाळमधून काम करणाऱ्या दोन तरुणांकडे सोपवले. त्यांच्या कामाला अजून पाटीही नाही आणि गिऱ्हाइके ओळखीपाळखीनेच मिळतात. हंगाम आटोपला, उरलेले फळ कॅनिंगला गेले, म्हणून आता निवांतपणे त्यांच्या सेवेविषयी लिहीत आहे.

आधी 2024 चा प्रसंग सांगायला हवा. त्या वर्षी अक्षय्य तृतीया 10 मे रोजी होती. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात, म्हणून आमच्या सात याद्या आहेत. 7 मे रोजी रात्री नऊ वाजता पाच मिनिटांच्या आत मी त्या सातही याद्यांना ‘बुकिंग सुरू’ असा संदेश धाडला आणि सव्वानऊला साइट बसली. आमचे सासरे ओटीवरून आत आले आणि एवढेच म्हणाले, “आंबे झाडार आसत, दुकान बंद आसा.” ज्यांच्या सर्व्हरवर साइट चालते त्या होस्टिंगवाल्यांनी दुप्पट क्षमतेचा प्लॅन सुचवला, तो आम्ही त्याच रात्री घेतला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साइट पुन्हा तशीच बसली. त्यामुळे सर्व्हर मोठा केला की काम झाले, ही माझी समजूत तिथेच संपली होती. तरी दोष नेमका कुठे आहे, हे मात्र कळत नव्हते.

कुडाळच्या दोघांनी पहिल्या भेटीत सर्व्हरचा विषयच काढला नाही. माझ्या नणंदेचा चार वर्षांपूर्वीचा फोन मागून घेतला, वायफाय बंद केले आणि तिला आमच्याच साइटवर पाच डझनांची पेटी मागवायला सांगितली. पहिले पान पूर्ण उघडेपर्यंत तिचा चहा पिऊन झाला. पेटीची, अढीची, मोहोराची मिळून अकरा छायाचित्रे मी फोनमधून जशीच्या तशी चढवली होती आणि त्यांतले प्रत्येक चार-पाच एमबीचे होते. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा चांगल्या पानासाठीचा निकष आहे. आमचे पान त्याच्या जवळपासही नव्हते. छायाचित्रे वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात आणून, आकार कमी करून आणि खालची छायाचित्रे गिऱ्हाईक तिथपर्यंत पोहोचल्यावरच उतरतील अशी सोय करून त्यांनी हे काम दोन दिवसांत उरकले.

त्यांच्या कामाचा खरा गाभा म्हणजे फेब्रुवारीत घेतलेली गर्दीची चाचणी. साइटची हुबेहूब नक्कल वेगळ्या सर्व्हरवर उभी करून, पेमेंटची व्यवस्था चाचणीच्या स्थितीत ठेवून, त्यांनी केसिक्स या साधनाने नकली गिऱ्हाइके सोडली. ही गिऱ्हाइके नुसते पहिले पान उघडून परतत नव्हती. पेटी निवडत, पिनकोड टाकत, पत्ता भरत आणि पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत जात. पन्नास जणांपर्यंत सगळे सुरळीत चालले, साठ-सत्तरच्या आसपास पिनकोडच्या पायरीवर सगळे अडकले, आणि अडकलेल्यांमुळे मागच्यांना पहिले पानही उघडेना. कारण निघाले ते फारच साधे होते. त्या पिनकोडवर माल पोहोचतो की नाही हे पाहण्यासाठी आमच्या आधीच्या डेव्हलपरने देशातल्या सगळ्या टपाल कार्यालयांची यादी डेटाबेसमध्ये भरली होती. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत. त्या तक्त्याला पिनकोडचा इंडेक्सच (हवी ती ओळ थेट सापडावी म्हणून लागणारी सूची) नव्हता, त्यामुळे दर गिऱ्हाइकामागे दीड लाख ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळल्या जात होत्या. इंडेक्स घालायला त्यांना एक मिनिटही लागले नाही. त्याच रात्री पुन्हा चाचणी घेतली तेव्हा चारशे गिऱ्हाइके एकाच वेळी निभावली, आणि तीही जुन्या, लहान प्लॅनवर. दुप्पट प्लॅनचे पैसे आम्ही मेपासून भरत होतो, हे आठवून त्या क्षणी आनंदापेक्षा चिडचिडच जास्त झाली, हे कबूल करते.

कॅशिंगच्या, म्हणजे पाने आधीच तयार करून ठेवण्याच्या, बाबतीत त्यांनी दाखवलेली सावधगिरी मला विशेष आवडली. पहिले पान आणि फळांची पाने तयार करून ठेवली की दर वेळी ती नव्याने घडवावी लागत नाहीत. पण साइटवरची टोपली (गिऱ्हाइकाने निवडलेल्या मालाचे पान), पैसे भरण्याचे पान आणि गिऱ्हाइकाचे खाते यांना ही सोय लावायची नसते, कारण लावली तर एकाचे नाव-पत्ता दुसऱ्याला दिसू शकतो. आमच्याकडे एकदा तसे झालेही होते, आणि ठाण्याच्या एका बाईंनी फोन करून “मला दुसऱ्याच कुणाचा पत्ता दिसतो आहे,” असे सांगितल्यावर आम्ही घाबरून कॅशिंग सगळीकडेच बंद करून टाकले होते. या दोघांनी कोणते पान कॅशमध्ये आणि कोणते बाहेर, हे माझ्यासमोर एकेक करून ठरवले.

साठ्याचा प्रश्न मात्र संगणकापेक्षा बागेचा होता. आंबा कारखान्यातून येत नाही. आज किती पेट्या भरतील हे सकाळी उतरवणी झाल्यावरच कळते. बागेत रेंज नसल्यामुळे माझे पती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, येतात आणि या दोघांनी करून दिलेल्या एका साध्या पानावर आकारमानाप्रमाणे पेट्यांचा आकडा टाकतात. तेवढ्याच पेट्या त्या दिवशी साइटवर दिसतात. आमचे ऑनलाइन दुकान ज्यावर चालते त्या वूकॉमर्स या सॉफ्टवेअरमध्ये पैसे न भरलेल्या ऑर्डरीसाठी माल मुळात साठ मिनिटे राखून ठेवला जातो. गर्दीच्या संध्याकाळी त्यामुळे पेट्या नुसत्याच अडकून राहत आणि खरा गिऱ्हाईक ‘शिल्लक नाही’ वाचून निघून जाई. ती मुदत त्यांनी पंधरा मिनिटांवर आणली, आणि ऑर्डर रद्द झाल्यानंतर यूपीआयचे पैसे उशिरा जमा झाल्यास ती वेगळ्या यादीत यावी, अशी तजवीज केली. या हंगामात त्या यादीत नऊ ऑर्डरी आल्या. नऊही जणांना मी स्वतः फोन करून पेटी हवी की पैसे परत, हे विचारले.

10 एप्रिलपासून साइटवर कोणताही बदल करायचा नाही आणि संदेश पाठवताना एका यादीनंतर दुसरीला अर्ध्या तासाने पाठवायचा, असे दोन नियम त्यांनी घालून दिले. दुसरा नियम फुकटचा होता आणि तो मला आधीच सुचायला हवा होता.

आता तक्रारी. 30 एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेपूर्वीच्या संध्याकाळी साइट एकदाही अडखळली नाही, पण साडेसातला ऑर्डर पक्की झाल्याचे एसएमएस जाणे थांबले. एसएमएसचा पॅक संपला होता आणि त्या शिलकीवर कुणाचेच लक्ष नव्हते, त्यांचेही नाही. पैसे गेले पण संदेश नाही, अशा स्थितीत माणूस फोनच करणार. रात्री अकरापर्यंत घरातले तीन फोन वाजत होते. चाचणीत संदेशांचा टप्पा वगळलेला होता, हे मला तेव्हा समजले. दुसरे म्हणजे बॅकअप रोज घेतला जातो असे ते सांगत होते, परंतु तो परत चढवून दाखवा असे मी दोनदा म्हटल्यावरच त्यांनी दाखवला. आणि तिसरे, त्यांचा चौतीस पानांचा अहवाल संपूर्ण इंग्रजीत आहे; पिनकोडच्या इंडेक्सची गोष्ट त्यांनी तोंडी मालवणीत सांगितली तेव्हा सासऱ्यांनाही कळली, अहवालात मात्र ती मला शोधावी लागली.

एकंदर खर्च बत्तीस हजार रुपये आला. ज्यांची विक्री वर्षभर सारखी चालते, त्यांना एवढ्या तयारीची गरज नसावी. काजू, आंबा किंवा गणपतीच्या दिवसांत मोदकाचे साहित्य विकणाऱ्यांना, ज्यांची कमाई आठ-दहा दिवसांतच होते, त्यांना मी हे काम त्यांच्याकडून जरूर करून घ्यायला सांगेन. 2026 मध्ये अक्षय्य तृतीया 19 एप्रिललाच येते, त्यामुळे पुढची चाचणी संक्रांत झाल्याबरोबर घ्यायचे ठरले आहे, आणि एसएमएसची शिल्लक कोण पाहणार, हे या वेळी करारात नावानिशी लिहून घेतले आहे.